गठ्ठा हातात येण्याआधी: महाविद्यालयीन शिक्षकांसाठी उत्तरपत्रिका तपासणीची पद्धत

सत्राच्या शेवटी स्टाफरूमच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे चढू लागले की बहुतेक शिक्षक एकच प्रश्न विचारतात: हे लवकर कसे तपासून होतील? इतक्या वर्षांच्या तपासणीनंतर माझी खात्री झाली आहे की हा प्रश्न उशिरा विचारला जातो. गठ्ठा किती जड होणार हे प्रश्नपत्रिका काढताना ठरलेले असते, आणि तपासताना येणारा शीण वाचण्यापेक्षा ठरवण्यामुळे जास्त येतो. या उत्तराला सहा द्यावेत की सात, ही चूक मोठी मानावी की किरकोळ, अर्धवट पण हुशारीने लिहिलेल्या उत्तराचे काय करावे, हे निर्णय ऐंशी उत्तरपत्रिकांत ऐंशी वेळा नव्याने घेतले तर माणूस थकतो आणि निर्णयही बदलत जातात. म्हणून पुढील सर्व पायऱ्यांमागे एकच सूत्र आहे: जो निर्णय एकदा, आधी आणि शांतपणे घेता येतो, तो तपासणीच्या टेबलावर आणू नये.

मी इतिहास शिकवतो, त्यामुळे उदाहरणे त्याच विषयाची आहेत; पद्धत मात्र वाणिज्य किंवा भाषा विषयांनाही लागू पडते.

आधी मोजावे

सत्र सुरू होताना कागद घेऊन हिशेब मांडावा. समजा प्रथम वर्षाला 110, द्वितीय वर्षाला 75 आणि तृतीय वर्षाला 45 विद्यार्थी आहेत. म्हणजे एकूण 230. प्रत्येकाच्या दोन चाचण्या आणि एक गृहपाठ धरला तर एका सत्रात 690 लेखनकामे तपासायची आहेत. प्रत्येकाला सरासरी आठ मिनिटे लागली तर 5,520 मिनिटे, म्हणजे 92 तास होतात. पंधरा आठवड्यांच्या सत्रात ते समान वाटले तर आठवड्याला सहा तासांच्या आसपास येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीत पूर्णवेळ शिक्षकाचे आठवड्याचे काम 40 तासांचे आणि सहायक प्राध्यापकाचे प्रत्यक्ष अध्यापन 16 तासांचे धरले आहे. त्या मापाने हे सहा तास अशक्य नाहीत. अडचण अशी की ते आठवड्याला सहा असे येत नाहीत; तिन्ही वर्गांच्या चाचण्या एकाच आठवड्यात ठेवल्यामुळे पन्नास-साठ तास दहा दिवसांवर कोसळतात, आणि त्याच दिवसांत नॅकची, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकन-मानांकनाची, कागदपत्रे, प्रवेशाची कामे किंवा निवडणुकीची ड्यूटीही येते.

म्हणून पहिली कृती वेळापत्रकाची आहे. विभागप्रमुखांशी बोलून तिन्ही वर्गांच्या चाचण्यांमध्ये किमान दहा दिवसांचे अंतर ठेवावे. महाविद्यालयाची परीक्षा समिती सर्व चाचण्या एकाच आठवड्यात घेत असेल, तर किमान गृहपाठाच्या तारखा तरी आपल्या हातात असतात. प्रथम वर्षाचा गृहपाठ सत्राच्या पाचव्या आठवड्यात, द्वितीय वर्षाचा आठव्या आणि तृतीय वर्षाचा अकराव्या आठवड्यात घेतल्यास चाचण्यांच्या काळात टेबलावर फक्त चाचण्याच राहतात. तारखा पहिल्याच तासाला वर्गात सांगाव्यात आणि त्या पुढे ढकलू नयेत, कारण ढकललेली प्रत्येक तारीख शेवटच्या पंधरवड्यातच येऊन पडते.

दुसरा प्रश्न अधिक कठोरपणे स्वतःला विचारावा: यातले प्रत्येक काम मी ओळन्ओळ वाचणे खरोखर गरजेचे आहे का? प्रथम वर्षाच्या 110 विद्यार्थ्यांचे चार पानी गृहपाठ वाचून मला बहुतेक वेळा काहीच कळत नसे, कारण त्यांतले बरेचसे मार्गदर्शक पुस्तकांतून उतरवलेले असत. आता ते यंत्राकडून लिहून घेतलेलेही असतात. त्याऐवजी तासाच्या शेवटच्या पंधरा मिनिटांत वर्गातच, एका प्रश्नावर दहा ओळी लिहून घ्याव्यात. असे लेखन दोन मिनिटांत तपासून होते, म्हणजे त्या वर्गाचे 880 मिनिटांचे काम 220 मिनिटांवर येते आणि जवळपास अकरा तास वाचतात. महत्त्वाचे म्हणजे विद्यार्थ्याला काय समजले ते त्या दहा ओळींत स्पष्ट दिसते. अंतर्गत मूल्यमापनाचे प्रकार अभ्यासमंडळाने ठरवून दिलेले असतात, त्यामुळे हा बदल करण्यापूर्वी अभ्यासक्रमाची पुस्तिका पाहावी; बहुतेक ठिकाणी चाचणी, प्रकल्प, सादरीकरण, तोंडी परीक्षा यांतून निवड करण्याची मुभा असते.

प्रश्न काढताना

आपल्या प्रश्नपत्रिकांवर ‘आढावा घ्या’, ‘सविस्तर चर्चा करा’ आणि ‘टीपा लिहा’ या तीन शब्दप्रयोगांचे राज्य आहे. ‘सत्यशोधक समाजाच्या कार्याचा आढावा घ्या’ असा दहा गुणांचा प्रश्न विचारला की विद्यार्थी महात्मा फुले यांच्या जन्मापासून सुरुवात करतो, शाळा, हौद, दुष्काळ असे सर्व लिहितो, आणि पुरवणी जोडतो. सहा पानांत मुद्दा कोठे आहे ते शोधण्यात शिक्षकाची दहा मिनिटे जातात. दोष विद्यार्थ्याचा नाही. प्रश्नानेच त्याला सर्व काही लिहायला सांगितले होते.

तोच प्रश्न असा विचारता येतो: ‘24 सप्टेंबर 1873 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाने पुरोहिताशिवाय विवाह लावण्याचा आग्रह का धरला, आणि त्याचे पुढील काळातील सामाजिक चळवळींवर कोणते परिणाम झाले, हे दोन उदाहरणांसह दीड पानात लिहा.’ यात कारण, परिणाम आणि उदाहरणे अशा तीन मागण्या स्पष्ट आहेत, आणि लांबीही सांगितली आहे. असा प्रश्न पाठांतराने सुटत नाही, म्हणून तो सोपा झाला असे कोणी म्हणू नये. तपासणाऱ्याला मात्र काय शोधायचे आहे हे पहिल्या ओळीपासून माहीत असते.

वीस गुणांच्या अंतर्गत चाचणीसाठी मी प्रश्न आणि उत्तराची जागा एकाच छापील कागदावर देतो. चार गुणांचे पाच प्रश्न, प्रत्येकाखाली बारा रेघा. झेरॉक्सचा खर्च थोडा वाढतो, पण प्रत्येकाचे तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच पानावर त्याच जागी सापडते, आणि नंतर बेरीज करतानाही त्याचा फायदा होतो. तृतीय वर्षाला मात्र हे करू नये. पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्याला चार-पाच पाने सलग विचार मांडता आला पाहिजे, आणि तिथे शिक्षकाने वेळ द्यायलाच हवा. प्रथम वर्षात वाचवलेले अकरा तास त्यासाठीच आहेत.

गुणनिकष: तपासणीचा खरा अर्धा भाग

प्रश्नपत्रिकेसोबत आदर्श उत्तर लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आहे, पण ते बहुधा मुद्द्यांची यादी असते आणि ती फाइलमध्ये जाते. तपासणीला उपयोगी पडतात ते गुणनिकष, म्हणजे कोणत्या गोष्टीला किती गुण आणि कोणत्या चुकीला काय वागणूक, याचा लेखी निर्णय. वरील प्रश्नासाठी माझे निकष असे असतात: समाजाची मूलभूत भूमिका, म्हणजे ईश्वर आणि भक्त यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही हा विचार, नेमकेपणाने मांडल्यास तीन गुण, विवाहविधी हेच क्षेत्र का निवडले, त्यात धार्मिक अधिकार आणि दक्षिणेच्या रूपाने होणारा आर्थिक बोजा यांचा संबंध कसा होता, हे सांगितल्यास तीन गुण, दोन उदाहरणांतून परिणाम दाखवल्यास तीन गुण, आणि मांडणीला एक गुण. उदाहरणे म्हणून 1877 मध्ये कृष्णराव भालेकरांनी सुरू केलेले ‘दीनबंधू’, नारायण मेघाजी लोखंडे यांचे गिरणी कामगारांमधील काम, किंवा कोल्हापूर-सातारा भागात पुढे वाढलेली ब्राह्मणेतर चळवळ यांपैकी कोणतीही चालतील, असेही निकषातच लिहून ठेवावे.

त्यानंतर अपेक्षित चुकांचा विचार करावा, कारण वेळ खरा तिथेच जातो. विद्यार्थ्याने 1873 ऐवजी 1875 लिहिले तर काय करायचे? 1875 हे आर्य समाजाच्या स्थापनेचे वर्ष आहे, आणि ही गल्लत दरवर्षी होते. साल प्रश्नातच दिलेले असताना ते चुकले तर तो बेसावधपणा आहे, पण विवेचन बरोबर असेल तर गुण कापू नयेत, असे मी ठरवले आहे. विद्यार्थ्याने 1867 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे विचार सत्यशोधक समाजाच्या नावावर लिहिले, तर मात्र पहिले तीन गुण मिळणार नाहीत, कारण तिथे समजुतीचीच चूक आहे. दुसऱ्या एखाद्या शिक्षकाचा निर्णय वेगळा असू शकतो. तो पहिल्या आणि ऐंशीव्या विद्यार्थ्यासाठी सारखा असणे आवश्यक आहे.

भाषेचा निर्णयही आधीच करावा. खानदेशातला विद्यार्थी अहिराणी वळणाने लिहितो, विदर्भातला वऱ्हाडी वळणाने, आणि अनेकांच्या घरी मराठी बोललीही जात नाही. इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या उत्तरात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकांसाठी गुण कापायचे नाहीत, असे निकषात स्पष्ट लिहिले नाही, तर रात्री अकरा वाजता चिडलेला हात ते कापतोच. आणि शक्य असेल तिथे अर्धा गुण टाळावा. दहापैकी साडेपाच आणि सहा यांतला फरक कोणताही शिक्षक प्रामाणिकपणे समजावून सांगू शकत नाही, पण तो ठरवण्यात त्याचा वेळ जातो.

हे निकष चाचणीपूर्वी विद्यार्थ्यांना सांगावेत का? माझ्या मते सांगावेत, मुद्दे उघड न करता. ‘भूमिका तीन, कारण तीन, परिणाम तीन, मांडणी एक’ एवढे फळ्यावर लिहिले तरी उत्तरांची रचना सुधारते, आणि सुधारलेल्या रचनेचे उत्तर लवकर तपासून होते.

पहिल्या दहा उत्तरपत्रिका

अमेरिकेत 1912 मध्ये डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका 142 शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एका उत्तरपत्रिकेला शंभरपैकी 64 पासून 98 पर्यंत गुण मिळाले होते. अशी तफावत दोन शिक्षकांमध्येच असते असे नाही. सकाळच्या आणि संध्याकाळच्या एकाच शिक्षकामध्येही ती असते. तिच्यावर उपाय म्हणून गठ्ठ्यातून कोठूनही दहा उत्तरपत्रिका काढाव्यात आणि त्या पेन न उचलता वाचाव्यात. वर्गाने प्रश्न कसा समजून घेतला, कोणता मुद्दा कोणालाच सुचला नाही, कोणते अनपेक्षित पण बरोबर उत्तर आले आहे, हे त्यातून कळते. गरज पडल्यास निकष इथेच दुरुस्त करावेत आणि त्यानंतर ते बदलू नयेत. या दहांना पेन्सिलीने गुण द्यावेत, आणि पूर्ण गठ्ठा झाल्यावर त्या पुन्हा पाहाव्यात. सुरुवातीला आपण बहुधा कडक असतो आणि पुढे एकतर सैल होतो किंवा वैतागतो. पेन्सिलीचे गुण आणि शेवटचे मत यांतील फरक आपली घसरण दाखवतो. एकाच विषयाच्या दोन तुकड्या दोन शिक्षक तपासत असतील, तर दोघांनी पाच-पाच उत्तरपत्रिका अदलाबदल करून पाहाव्यात. अर्ध्या तासाचे हे काम पुढील तक्रारी वाचवते.

प्रत्यक्ष तपासणी

एक उत्तरपत्रिका पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासण्याऐवजी, सर्व उत्तरपत्रिकांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा प्रश्न, असे जावे. पाने उलटण्यात वेळ जाईल असे वाटते, पण एकाच प्रश्नाचे निकष डोक्यात पक्के बसल्यामुळे आठ-दहा उत्तरांनंतर वेग स्पष्टपणे वाढतो. न्यायाच्या दृष्टीनेही ही पद्धत बरी आहे. माणसाच्या एका गुणवैशिष्ट्याची छाप त्याच्या बाकीच्या वैशिष्ट्यांच्या मूल्यमापनावर पडते, हे मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये दाखवून दिले होते. पहिले उत्तर उत्तम असले की दुसऱ्या सामान्य उत्तरालाही आपला हात सैल सुटतो. प्रश्न संपला की गठ्ठा उलटा करावा, म्हणजे दर वेळी त्याच विद्यार्थ्यांची उत्तरे थकलेल्या डोळ्यांसमोर येत नाहीत.

नाव झाकावे. पहिले पान मागे दुमडून क्लिप लावली तरी पुरते. वर्गात पहिल्या बाकावर बसणारी विद्यार्थिनी आणि महिनाभर गैरहजर असलेला विद्यार्थी यांची उत्तरे आपण सारख्या नजरेने वाचतो, असे प्रत्येक शिक्षकाला मनापासून वाटते. नाव झाकून तपासल्यावर ते किती खरे होते हे कळते.

एका बैठकीत वीस ते पंचवीस उत्तरे घ्यावीत, मग उठावे, पाणी प्यावे, चार पावले चालावे. दीर्घोत्तरी प्रश्नांसाठी सकाळचा वेळ राखावा आणि लघुत्तरी प्रश्न दुपारच्या मोकळ्या तासिकांना घ्यावेत. एखादे उत्तर तीन मिनिटांत निकाली निघाले नाही, तर ते बाजूला ठेवावे. अशी अडलेली उत्तरे वेगळी जमवून शेवटी एकत्र पाहिली की त्यांची एकमेकांशी तुलना होते आणि निर्णय सोपा जातो.

शेरे कमी, पण कामाचे

‘छान’, ‘अपूर्ण’, ‘अजून प्रयत्न हवा’ हे शेरे लिहिण्यात वेळ जातो आणि विद्यार्थ्याला त्यातून काही मिळत नाही. इस्रायलमधील संशोधक रूथ बटलर यांनी 1988 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की केवळ शेरे मिळालेल्या विद्यार्थ्यांची पुढील कामगिरी सुधारली, तर गुण आणि शेरे दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झाला नाही. ते विद्यार्थी शाळकरी वयाचे होते, तरीही महाविद्यालयातला अनुभव त्याला जुळणारा आहे: गुण दिसले की शेरा वाचला जात नाही.

यावरून मी दोन सवयी लावून घेतल्या. उत्तरपत्रिकेवर फक्त सांकेतिक अक्षरे लिहितो: ‘उ’ म्हणजे उदाहरण नाही, ‘का’ म्हणजे कारण सांगितले नाही, ‘वि’ म्हणजे विषयांतर, ‘पा’ म्हणजे पाठ केलेला मजकूर प्रश्नाला न जोडता लिहिला आहे. या अक्षरांचा अर्थ वर्गात एकदा सांगून ठेवलेला असतो. आणि तपासताना शेजारी एक वही ठेवून सामाईक चुका टिपतो. गठ्ठा संपल्यावर त्या वहीवरून एक पानाचे टिपण तयार होते. गुण जाहीर करण्यापूर्वी वर्गात ते वाचून, एक चांगले उत्तर नाव न सांगता फळ्यावर उलगडून दाखवतो, आणि विद्यार्थ्यांना आपल्या उत्तराची एक ओळ तिथेच सुधारून लिहायला सांगतो. पंचाहत्तर वेळा लिहावा लागला असता तो शेरा एका तासात सर्वांपर्यंत पोहोचतो. ज्या पाच-सात विद्यार्थ्यांना खरोखर वेगळे मार्गदर्शन हवे आहे, त्यांच्या उत्तरपत्रिकांवर मात्र सविस्तर लिहावे किंवा त्यांना बोलावून समोर बसवावे.

विज्ञान शाखेतील जर्नल, म्हणजे प्रयोगवही, आणि वाणिज्य शाखेतील प्रकल्प यांची तपासणी साचू न देणे एवढाच उपाय आहे. प्रत्येक प्रात्यक्षिकाच्या वेळी मागील प्रयोगाचे निरीक्षण आणि निष्कर्ष पाहून तिथेच तारखेसह सही करावी.

उत्तरे तपासण्यासाठी संगणकीय साधने वापरण्याचा मोह आता होतो. वस्तुनिष्ठ प्रश्नांसाठी गूगल फॉर्म उत्तम आहे. विद्यार्थ्याचे लेखन मात्र नाव आणि आसनक्रमांकासह कोणत्याही यंत्राला देऊ नये, आणि गुण देण्याचा निर्णय तर मुळीच सोपवू नये, कारण त्या गुणाखाली सही आपली असते.

विद्यापीठाची तपासणी

केंद्रीय मूल्यमापन केंद्रावर, म्हणजे कॅपला, यातील बरेच काही बदलते. तिथे गुणनिकष विद्यापीठाचे असतात, नावाऐवजी बारकोड असतो, आणि मॉडरेटर काही उत्तरपत्रिका पुन्हा पाहतो. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, 2016 नुसार शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत आणि उशिरात उशिरा 45 दिवसांत निकाल लावणे अपेक्षित असल्याने केंद्रावर घाईचे वातावरण असते. मुंबई विद्यापीठाने 2017 मध्ये सर्व विद्याशाखांची उन्हाळी सत्राची तपासणी एकदम संगणकाच्या पडद्यावर नेली, तेव्हा निकाल कित्येक आठवडे रखडले आणि परदेशी प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्यांना त्याची मोठी किंमत मोजावी लागली. नवी यंत्रणा असेल तिथे पहिल्या दिवशी कमी उत्तरपत्रिका घेऊन हात बसवावा. पडद्यावर तपासताना पुरवणीची पाने आणि शेवटची पाने उघडली आहेत का, याची दर वेळी खात्री करावी. न पाहिलेले पान हा पुनर्मूल्यांकनात हमखास सापडणारा दोष आहे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांकडे अनेकदा दोन-दोन महाविद्यालयांची अंतर्गत कामे असतात, आणि त्यांना त्या वेळेचा मोबदला मिळत नाही. कामाचे वाटप करताना विभागप्रमुखांनी हे लक्षात घेतलेच पाहिजे.

गुणनोंद आणि उत्तरपत्रिका दाखवणे

बेरीज तपासणाऱ्याने एकदा आणि दुसऱ्या व्यक्तीने एकदा करावी. गुणतक्ता भरताना एकाने आसनक्रमांक व गुण मोठ्याने वाचावेत आणि दुसऱ्याने भरावेत. एक्सेलमध्ये प्रश्ननिहाय गुण भरले तर बेरीज आपोआप होते, शिवाय अध्ययन निष्पत्तीच्या, म्हणजे विद्यार्थी काय शिकले हे दाखवणाऱ्या, तक्त्यांसाठी तीच माहिती पुन्हा वापरता येते.

आपली उत्तरपत्रिका पाहणे हा परीक्षार्थीचा माहितीचा अधिकार आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच मान्य केले आहे. अंतर्गत चाचणीची उत्तरपत्रिका तर मागण्याची वाटही पाहू नये. एक तास ठरवून सर्वांना दाखवावी. ज्याला हरकत आहे त्याने प्रश्नक्रमांक आणि निकषाचा कोणता भाग आपण लिहिला आहे, हे दोन ओळींत लेखी द्यावे, असा नियम ठेवावा. ‘सर, दोन गुण वाढवा’ या विनंत्या त्यामुळे कमी होतात, आणि खरी हरकत असलेला लाजरा विद्यार्थीही पुढे येतो. चूक आपली निघाली तर सर्वांसमोर गुण दुरुस्त करून सही करावी, आणि तीच चूक इतर उत्तरपत्रिकांत झाली आहे का ते तपासावे.

यानंतर गठ्ठा बांधून परीक्षा विभागात जमा करण्यापूर्वी दहा मिनिटे काढावीत. प्रश्नपत्रिकेच्या स्वतःजवळच्या प्रतीवर प्रत्येक प्रश्नापुढे लिहावे: किती जणांना तो कळलाच नाही, कोणता निकष तपासताना अडला, कोणते अनपेक्षित उत्तर स्वीकारावे लागले, एका उत्तराला सरासरी किती मिनिटे लागली. ती प्रत पुढील वर्षाच्या अध्यापन नियोजनाच्या वहीत, जिथे चाचणीची तारीख लिहिली जाईल त्या पानाला टाचून ठेवावी.